वेड न पांघरता पेडगावला

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ ही म्हण आपल्या तोंडात इतकी बसली आहे की, पेडगाव नावाचे गाव खरोखरच नकाशावर असते हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. वास्तविक या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. म्हणीतले पेडगाव म्हणून लोक बहुधा श्रीगोंदा तालुक्यातल्या, भीमेकाठच्या पेडगावकडे बोट दाखवतात. आपल्याला आज जायचे आहे ते परभणीजवळच्या पेडगावला. मनमाडकडून येणारी गाडी परभणीत शिरण्यापूर्वी जे छोटे स्टेशन मागे टाकते ते हे. आजूबाजूला काळे रान, त्यात कापूस, सोयाबीन, तूर.

फिजिओथेरपी या व्यवसायात भवितव्य काय, हा प्रश्न सहसा पुण्या-मुंबईच्या करिअर मार्गदर्शन मेळाव्यात विचारला जातो. तो पेडगावसारख्या ठिकाणी उभे राहून विचारला तर निराळा दिसतो, कारण तिथे त्याच्या दोन्ही बाजू एकाच गल्लीत भेटतात. एका घरात बारावी विज्ञान शाखेची मुलगी असते. ‘नीट’चे गुण लागलेले असतात, एमबीबीएस हुकलेले असते आणि कोणीतरी पाहुणा म्हणतो, “अहो, मग फिजिओला टाका तिला!” चार घरे सोडून एखाद्या ओसरीवर साठीतला गडी बाजेवर पडलेला असतो. त्याच्या अंगावरून वारे गेलेले असते. जिल्ह्याच्या दवाखान्यातून आठ-दहा दिवसांत घरी पाठवताना डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेले असते, ‘व्यायाम चालू ठेवणे’. कोणता व्यायाम, कोणी करून घ्यायचा, किती दिवस, हे त्या कागदावर नसते. या दोन घरांची गाठ पडणार की नाही, हा या व्यवसायाच्या भवितव्याचा खरा प्रश्न आहे असे मला वाटते.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे फिजिओथेरपीला जाणे याला ‘शेकायला जाणे’ म्हणतात. कंबर धरली, गेलो, मशीनचा शेक घेतला, आलो. रुग्णही मशीन मोजतो; जितक्या वायरी लावल्या तितके पैसे वसूल झाले असे त्याला वाटते. शेक, विजेचे सौम्य झटके, अल्ट्रासाऊंड ही सगळी साधने खरी आणि आपापल्या जागी उपयोगीही. पण ती या शास्त्राचा गाभा नव्हेत. कोणता स्नायू किती दुबळा झाला आहे, कोणता सांधा कुठे अडतो, मेंदूकडून येणारा हुकूम कुठे तुटतो हे हाताने आणि डोळ्याने पारखायचे, आणि मग नेमक्या हालचालीची नेमकी मात्रा ठरवायची, हा त्याचा गाभा आहे. औषधाची मात्रा चुकली तर आपण घाबरतो. व्यायामाचीही मात्रा असते हे मात्र आपल्या गावी नसते. लकव्याच्या रुग्णाचा लुळा हात धरून घरची माणसे प्रेमाने ओढतात, वर करतात आणि त्या ओढण्यानेच खांदा निखळल्यागत होऊन दुखू लागतो. असे खांदे कोणत्याही फिजिओथेरपी विभागात पाहायला मिळतात.

या व्यवसायाला प्रतिष्ठेसाठी पहिल्यापासून झगडावे लागले आहे. १८९४ मध्ये लंडनमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन संघटना काढली ती मुख्यतः ‘मालिश’ या शब्दाला चिकटलेला संशय धुऊन काढण्यासाठी. पुढे पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावलेले, पांगळे झालेले सैनिक घरोघरी परतले तेव्हा पाश्चात्त्य देशांना या विद्येची किंमत कळली. आपल्याकडे ती कळवली पोलिओने. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आणि पन्नासच्या सुरुवातीला मुंबईत पोलिओची साथ होती. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला हा आजार झाला, आणि त्या आईने स्वतःच्या मुलीपुरते न पाहता १९४७ मध्ये अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था उभी केली. हाजी अलीचे मुलांचे अस्थिरुग्णालय त्यातूनच आले. १९५२-५३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, भारत सरकार आणि मुंबई महापालिका यांच्या सहकार्याने केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा निघाली. १९५५ मध्ये हाजी अलीलाच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था सुरू झाली. म्हणजे या विद्येचे भारतातले माहेर महाराष्ट्र. माहेरचे लोक लेकीची विचारपूस करतात का, हा भाग वेगळा.

पोलिओचा देशातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. तेव्हा फिजिओथेरपीचे काम संपायला हवे होते. पण ते वाढले. कारण माणसे जास्त जगू लागली. मधुमेह आणि रक्तदाब घरोघरी आले, दुचाक्या वाढल्या, गुडघे बदलण्याच्या शस्त्रक्रिया जिल्ह्याच्या गावी होऊ लागल्या. २०१९ च्या आकडेवारीवर आधारलेल्या एका जागतिक अभ्यासाने हिशेब मांडला की, जगातल्या सुमारे २४१ कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांतल्या एकाला, कधी ना कधी पुनर्वसनोपचाराचा उपयोग होईल असा काही आजार वा इजा आहे. त्यात सर्वांत मोठा वाटा कोणाचा, तर कंबरदुखीचा.

कंबरदुखी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे संगणकापुढे बसलेला तरुण येतो. परभणीच्या रानात बघा. खुरपणीला बाई सकाळी उकिडवी बसते ती जेवणाच्या सुटीलाच सरळ होते. कापूस वेचताना कंबरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसा पोटापुढचा भार वाढतो, आणि तो सांभाळत ती तासन् तास वाकून, मान खाली घालून बोंडे टिपते. वर पाण्याचे हंडे आहेत, सरपणाची मोळी आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची तर गोष्टच नको. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या पूर्वीच्या गृहविज्ञान, आताच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयाने शेतकरी बायकांचे हे कष्ट मोजण्याचे आणि ते हलके करणारी साधने सुचवण्याचे काम बरीच वर्षे केले आहे. मोजण्याचे काम झाले, पण मोजलेल्या कंबरेवर उपचार करणारा माणूस गावाजवळ कोण आहे? प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ठरीव पदांत डॉक्टर असतो, परिचारिका असते, औषधनिर्माता आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ असतो. फिजिओथेरपिस्ट नसतो. बाईला मिळते ती दुखण्याची गोळी. ती गोळी पोटाला आणि मूत्रपिंडाला काय करते हा पुन्हा निराळा लेख होईल.

ही पोकळी गावात रिकामी राहत नाही. तिथे हाडवैद्य असतो. त्याच्याबद्दल उगाच तुच्छतेने बोलण्यात अर्थ नाही. तो जवळ असतो, रात्री-अपरात्री दार उघडतो आणि उधारीवर पाहतो. पण बांबूच्या कामट्या घालून करकचून बांधलेल्या हाताचा रक्तपुरवठा तुटला की बोटे आखडून कायमची वाकडी होतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत हे काही तासांत घडू शकते. चांगला फिजिओथेरपिस्ट जवळ असता तर मोडलेले हाड त्याने बसवले नसते, ते त्याचे कामच नव्हे. पण ‘हे माझे काम नाही, आत्ताच्या आत्ता अस्थितज्ज्ञाकडे जा’ हे सांगणारा, आणि प्लास्टर निघाल्यावर आखडलेले कोपर पुन्हा उघडून देणारा तोच असता. जन्मतः पाऊल वळलेले बाळ, सहा महिन्यांचे होऊनही मान न धरणारे मूल, यांच्याही बाबतीत लवकर ओळखणारा डोळा ही अर्धी लढाई असते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद झाली, त्यात फिजिओथेरपिस्टची जागा आहे. ही चांगली गोष्ट. पण जिल्ह्याचे ठिकाण आणि गाव यांच्यामध्ये जे पडते ते अंतर केवळ किलोमीटरचे नसते.

त्याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहा. समजा, लकव्याच्या रुग्णाला पेडगावहून परभणीला रोज न्यायचे आहे. एसटीत त्याला चढवता येत नाही, म्हणून गावातल्याच कोणाची तरी रिक्षा. भागीत धरली तरी जाऊन-येऊन दीडशे. उपचाराचे दोनशे. सोबत धडधाकट माणूस हवा, त्याची बुडालेली मजुरी साडेतीनशे. दिवसाचे झाले सातशे. पंधरा दिवसांचे साडेदहा हजार, आणि पंधरा दिवसांत लकवा कुठे हलत नाही. त्याला महिने लागतात. शस्त्रक्रियेचा आणि रुग्णालयातल्या मुक्कामाचा भार महात्मा फुले जनआरोग्य योजनेसारखी योजना उचलते. घरी आल्यावर रोज घ्यायच्या व्यायामाचा खर्च बहुधा घरच्याच खिशातून जातो. म्हणून आठव्या-दहाव्या दिवशी माणसे येणे बंद करतात. त्याला फिजिओथेरपिस्ट ‘रुग्ण सहकार्य करत नाही’ म्हणतात. रुग्णाच्या घरी याला ‘परवडत नाही’ म्हणतात.

मग घरच्यांनाच शिकवून का भागवू नये? हा विचार मोठ्या मोठ्यांनाही सुचला. आपल्याच देशातल्या १४ रुग्णालयांत १२५० लकवाग्रस्त रुग्णांवर हा प्रयोग झाला. निम्म्यांच्या नातेवाइकांना व्यायाम करून घेण्याचे पद्धतशीर शिक्षण दिले, उरलेल्यांना नेहमीचेच उपचार. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ४७ टक्के लोक दगावलेले किंवा परावलंबी राहिलेले होते. घरच्यांची माया आणि मेहनत कमी पडली असा याचा अर्थ मी लावणार नाही. पण शिकलेल्या माणसाचे काम चार दिवसांच्या शिकवणीने घरच्यांच्या खांद्यावर ढकलता येईल, ही स्वस्तातली आशा त्या प्रयोगात टिकली नाही हे खरे. शिकलेला माणूस लागतोच.

आता त्या बारावीच्या मुलीकडे वळू. महाराष्ट्रात या पदवीचा प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर, राज्याच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा अभ्यासक्रम चार वर्षे आणि सहा महिन्यांची इंटर्नशिप असा साडेचार वर्षांचा चालत आला आहे. राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये जो नवा अभ्यासक्रम जाहीर केला त्यात तो एका वर्षाच्या इंटर्नशिपसह पाच वर्षांचा धरला आहे. तेव्हा ‘एमबीबीएसपेक्षा लवकर सुटका’ अशा समजुतीत कोणी राहू नये. शरीररचना, शरीरक्रिया, मज्जासंस्था, अस्थिरोग, हृदय आणि फुप्फुसांचे विकार, सगळे अभ्यासावे लागते. मुंबईत केईएम, शीव, नायर आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे सार्वजनिक पैशावर चालणारे विभाग आहेत. तिथल्या जागा मोजक्या. बाकी बहुतेक महाविद्यालये खासगी. मराठवाड्यात लातूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ती जुनी आहेत. खासगी ठिकाणी वर्षाची फी अनेकदा लाखाच्या पुढे जाते आणि वसतिगृह वेगळे. मुलींच्या पालकांनी एक गोष्ट मात्र नीट चौकशी करून घ्यावी: जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोटा आणि खासगी अभिमत विद्यापीठे यात बसत नाहीत. दलालाच्या नादी लागून कोट्यातून जागा घेतली की ही सवलत गेली.

नोकरीचे काय? इथे गोड बोलून उपयोग नाही. सरकारी कायम जागा अगदी थोड्या. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींत गेल्या काही वर्षांत महिना वीस हजारांच्या आसपास मानधन दिसते, आणि दर वर्षी मुदतवाढीची टांगती तलवार. शहरातल्या खासगी दवाखान्यांत सुरुवात कित्येकदा याहूनही कमी पैशांवर होते. लाखांची फी भरून वीस हजारांची नोकरी, हा व्यवहार कोणत्याही शेतकऱ्याला कळतो. म्हणूनच ‘एमबीबीएस नाही तर फिजिओ’ अशा उसासा टाकून घेतलेल्या निर्णयाची मला भीती वाटते. ज्याला लोकांच्या अंगाला हात लावायचा कंटाळा आहे, ज्याला तीच हालचाल शंभर वेळा हसतमुखाने करून घेता येत नाही, त्याने इथे येऊ नये. हा दुसऱ्या रांगेतला डॉक्टर नव्हे, हे निराळेच काम आहे.

दर्जाचा वाद अजून मिटलेला नाही हेही खरे. राज्यात २००२ च्या कायद्याने या व्यवसायाची परिषद आली, २०२१ मध्ये देशपातळीवर संलग्न आरोग्य व्यवसायांचा आयोग कायद्याने झाला. नावामागे ‘डॉ.’ लावायचे की नाही यावरून २०२५ च्या सप्टेंबरात केंद्राच्या आरोग्यसेवा महासंचालनालयाने एक मनाई करणारे पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. सरकारी पत्राला इतक्या चपळाईने मागे वळताना क्वचितच पाहिले असेल. रुग्णाच्या दृष्टीने हा वाद गौण आहे. त्याने पाहायचे ते इतकेच की समोरच्या माणसाची परिषदेकडे नोंदणी आहे का. सहा महिन्यांचा कसला तरी कोर्स करून शेकाचे मशीन घेऊन बसलेले लोक गावोगाव आहेत.

परदेशाची वाटही आहे. ब्रिटनमध्ये तिथल्या नियामक परिषदेची नोंदणी लागते, आखाती देशांत परवाना परीक्षा असते, अमेरिकेत हा अभ्यासक्रम आता डॉक्टरेटच्या पातळीवर शिकवला जातो, त्यामुळे आपली पदवी तिथे तपासून घ्यावी लागते आणि वर त्यांची परीक्षा. जाणारे जातात आणि चांगले स्थिरावतात. क्रिकेट संघाबरोबर मैदानात धावत जाणाऱ्या फिजिओला पाहून या शाखेकडे आलेली मुलेही बरीच. त्या जागा किती, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मैदानाचीच ओढ असेल तर मुरलीकांत पेटकरांची हकिगत वाचावी. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पांगळा झाला. मुंबईच्या नौदलाच्या रुग्णालयात त्यांना पोहायला लावले ते पदकासाठी नव्हे, उपचार म्हणून. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात पॅरालिम्पिकचे सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांना पाण्यात कोणी उतरवले, त्याचे नाव मात्र आपल्या तोंडी नाही. या व्यवसायात बहुतेकदा असेच असते.

आणि परतण्याची वाट? परभणी, मानवत, सेलू, पाथरी या पट्ट्यात दवाखाना टाकणाऱ्याला जागेचे भाडे शहरापेक्षा कमी, यंत्रसामग्री सुरुवातीला थोडी पुरते आणि रुग्ण शोधावा लागत नाही. अडचण रुग्ण टिकवण्याची. ज्या हिशेबाने पेडगावचा माणूस दहाव्या दिवशी थांबतो तो हिशेब बदलल्याशिवाय दवाखाना चालत नाही. याचा एक मार्ग साधा आहे: रुग्णाने रोज जाण्याऐवजी उपचार करणाऱ्याने आठवड्यातून दोनदा दुचाकीवरून गावात यायचे. एका फेरीत चार-पाच घरे घेतली तर रिक्षाचे दीडशे आणि मजुरीचे साडेतीनशे वाचतात. त्यातले शंभर-दीडशे जास्त फी म्हणून द्यायला घरचे कुरकुरत नाहीत. मधल्या दिवसांचा व्यायाम घरच्यांनी करायचा, पण चुकत असेल तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी पाहणार आहे या धाकात. वरच्या प्रयोगात शिकवणी होती; इथे शिकवणीबरोबर पाहणारे माणूस कायम आहे. फरक पडेल असे माझे मत आहे. पहिल्या दोन वर्षांत यात पैसा बेताचा. दोन वर्षे घरचे जेवण आणि घरचे छप्पर असेल तर ती निभतात, आणि हे छप्पर गावच्या मुलीला गावातच मिळते. पुण्यात तिला कॉटबेसिसचे भाडे भरावे लागते.

लोक म्हणतील, एवढे शिकून पेडगावला? वेड लागले काय? म्हणू द्यावे.

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी मात्र एक काम करण्यासारखे आहे. ज्या महाविद्यालयाचे नाव यादीत वर लिहायचे ठरले असेल तिथे मुलीला घेऊन एखाद्या साध्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास जावे. इमारत, बाग, संगणक कक्ष पाहू नये. फिजिओथेरपीच्या बाह्यरुग्ण विभागात बाकावर किती माणसे बसली आहेत ते मोजावे. बाके रिकामी असतील तर त्या मुलीने साडेचार-पाच वर्षे पुस्तकातली माणसे बरी करायची आहेत. बाके भरलेली असतील तर तिला तासभर तिथेच बसू द्यावे. लकव्याचा कोणी म्हातारा मुठीतली वाटी खाली ठेवायला धडपडत असेल आणि त्याच्यासमोर स्टुलावर कोणी शांतपणे बसले असेल, ते तिने पाहावे. घरी परतताना गाडीत ती काय बोलते ते ऐकून मग अर्ज भरावा.